पात्रबांधणी आणि कथन : ‘फॉलआउट’ या संगणक-खेळाचा एक अभ्यास

संगणकावरील खेळ हा वाङ्मयीन समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आपल्या महाविद्यालयांच्या भाषा-विभागांत अजूनही विचारला जातो. ज्या कृतीत कथानक आहे, पात्रे आहेत, संवाद आहेत, तिला केवळ ती पडद्यावर खेळली जाते म्हणून समीक्षेबाहेर ठेवण्याचे कारण दिसत नाही. आपले अनेक विद्यार्थी कादंबरीपेक्षा अशा कृतींतूनच कथेशी पहिला परिचय करून घेतात. तेव्हा त्या कृतींचे गुणदोष तपासणे हे भाषेच्या अध्यापकांचेही काम ठरते. प्रस्तुत लेखात ‘फॉलआउट’ या १९९७ सालच्या खेळाचा विचार केला आहे. या खेळात नायकाची जडणघडण खेळणारा आधी स्वतः ठरवतो आणि मग कथा त्या जडणघडणीप्रमाणे उलगडते. या दोन गोष्टींचे नाते काय आहे आणि त्यातून चांगुलपणाविषयी कोणता विचार पुढे येतो, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

कृतीचा परिचय

‘फॉलआउट’ हा खेळ अमेरिकेतील इंटरप्ले या कंपनीने प्रसिद्ध केला. टिम केन हे त्याचे निर्माते. इंटरप्लेच्याच ‘वेस्टलँड’ या १९८८ सालच्या खेळाचा वारसा त्यामागे आहे. कथेनुसार २०७७ साली अणुयुद्ध होऊन जग उद्ध्वस्त झाले आहे. काही माणसे ‘व्हॉल्ट’ नावाच्या भूमिगत आश्रयस्थानांत पिढ्यानपिढ्या राहत आहेत. २१६१ सालच्या डिसेंबरमध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील तेराव्या व्हॉल्टचे पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बंद पडते. तिची एक चिप बिघडलेली असते. ती चिप १५० दिवसांत शोधून आणण्यासाठी एका रहिवाशाला बाहेर धाडले जाते. हाच आपला नायक.

या नायकाला ठरलेले नाव नाही, चेहरा नाही, पूर्वचरित्रही जवळजवळ नाही. त्याऐवजी खेळणाऱ्यासमोर एक तक्ता येतो. बळ, निरीक्षण, सहनशक्ती, व्यक्तिप्रभाव, बुद्धी, चपळाई आणि नशीब असे सात गुण त्यात आहेत. इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीला ‘स्पेशल’ म्हणतात. प्रत्येक गुण १ ते १० या मापात असतो. आरंभी प्रत्येकाला ५ गुणांक मिळालेले असतात आणि आणखी ५ वाटायचे असतात. म्हणजे एकूण ४०. एक गुण वाढवायचा तर दुसरा कमी करण्याची मुभा आहे. याशिवाय १८ कौशल्ये आहेत. बंदूक चालवणे, कुलूप उघडणे, वैद्यक, दुरुस्ती, संभाषण, सौदा इत्यादी. त्यांपैकी तीन विशेष म्हणून निवडायची असतात. ज्याला हे सारे करायचे नसेल त्याच्यासाठी तीन तयार पात्रे ठेवली आहेत: बलदंड मॅक्स, चोरपावलांची नतालिया आणि वाक्पटू अल्बर्ट.

दास्तानीशी तुलना

उर्दूच्या अभ्यासकाला येथे दास्तान आठवणे स्वाभाविक आहे. अमीर हमजाच्या दास्तानीत गुणांची वाटणी पात्रांमध्ये झालेली असते. हमजाकडे पराक्रम, तर अमर अय्यारकडे चातुर्य, वेषांतर आणि सारे काही सामावून घेणारी झंबील. जिथे तलवार थकते तिथे अय्यारी पुढे येते. श्रोता दोघांचीही कथा ऐकतो, पण हमजा किंवा अमर होण्याची निवड त्याच्या हाती नसते. ‘फॉलआउट’ने ही वाटणी श्रोत्याच्याच हाती दिली आहे. नायक हमजासारखा व्हावा की अमरसारखा, हे तक्त्यावर ठरते आणि एकाच कथेत दोन्ही पूर्णपणे मिळत नाहीत. ४० गुणांक त्याला पुरे पडत नाहीत.

दुसरे साम्य ‘लौह’ या कल्पनेत आहे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या, मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर यांच्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’त तिलिस्म मोडणारा वीर आधीच ठरलेला असतो. काय करावे हे त्याला लौह, म्हणजे एक मंत्रलिखित पाटी, सांगते. ‘फॉलआउट’च्या उजाड प्रदेशात लौह कोणाच्याही नावाची नाही. तिच्या जागी पुरावे विखुरलेले आहेत. ते सापडतील तर उपयोगी पडतील, आणि सापडल्यावरही ते वापरण्याची पात्रता अंगी असावी लागते. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा येऊ.

चांगुलपणाला लागणारे कौशल्य

पात्रबांधणी आणि कथा यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते नेक्रोपोलिस या नगरीत. एके काळच्या बेकर्सफील्ड शहराच्या अवशेषांत किरणोत्सर्गाने विद्रूप झालेली, पण विचार करणारी माणसे राहतात. खेळात त्यांना ‘घूल’ म्हणतात. हा शब्द मुळात अरबी आहे आणि आपल्या कथांतही प्रेतभक्षक पिशाच म्हणून परिचित आहे. येथे मात्र तो तहानलेल्या माणसांसाठी आला आहे. नायकाला हवी असलेली चिप याच नगरीत आहे आणि तिच्यावर या लोकांचे पाणी अवलंबून आहे. चिप काढून नेली तर आपला व्हॉल्ट वाचतो आणि यांचे पाणी जाते.

या पेचातून एक वाट निघते. नगरीत पाण्याचा एक जुना पंप बंद पडलेला आहे. त्याचे सुटे भाग शोधून आणले आणि नायकाला दुरुस्तीचे काम पुरेसे येत असले, तर पंप चालू होतो आणि चिप नेऊनही त्या लोकांना पाणी राहते. ज्याने सारे गुणांक बंदुकीवर खर्च केले त्याला ही वाट सहजी मिळत नाही. त्याच्या मनात दया असेल, पण ती दया व्यवहारात उतरवण्याचे साधन त्याच्याकडे नाही.

या कृतीचा मध्यवर्ती विचार येथे आहे असे मला वाटते. पुष्कळ नीतिकथांत चांगले आणि वाईट हा केवळ इच्छेचा प्रश्न असतो; नायकाने सन्मार्ग निवडला की झाले. ‘फॉलआउट’मध्ये सदिच्छेला क्षमतेची जोड लागते. इल्म आणि हुन्नर यांच्याविना नेकी अपुरी राहते. हा विचार कोणा पात्राच्या तोंडी उपदेश म्हणून येत नाही. पंपाजवळ उभे राहून हात रिकामे असल्याचे जाणवले की तो आपोआप कळतो.

क्षमता वाढवण्याचा मार्गही कथेत आहे. हब या व्यापारी नगरात श्रीमती स्टेपलटन यांच्याकडे पुस्तके विकत मिळतात. विज्ञान, प्रथमोपचार, विद्युत-उपकरणे अशा विषयांवरील ही पुस्तके वाचली की त्या त्या कौशल्यात थोडी भर पडते. कौशल्य जितके वाढलेले, तितकी नव्या पुस्तकाने पडणारी भर कमी. वाचनाला तासही लागतात, आणि ते व्हॉल्टच्या १५० दिवसांतूनच जातात. घरची माणसे तहानेने वाट पाहत असताना पुस्तक वाचत बसावे काय, हा प्रश्न आपल्या अनेक विद्यार्थ्यांना नवा वाटणार नाही.

एकरूपतेचा युक्तिवाद

कथेच्या उत्तरार्धात ‘मास्टर’ हे प्रतिपात्र समोर येते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. माणसांतील भेदांमुळे युद्धे होतात, म्हणून एका प्रयोगशाळेतील विषाणूच्या साहाय्याने सर्वांना एकाच बलाढ्य जातीत बदलून टाकावे. म्हणजे भेद उरणार नाहीत आणि युद्धही उरणार नाही. या योजनेला तो ‘युनिटी’, म्हणजे ऐक्य, असे नाव देतो. तो खलनायक असला तरी ढोंगी नाही. त्याला खरोखर शांतता हवी आहे. त्यामुळे त्याच्याशी होणारा वाद खरा वाद होतो.

त्याला हरवण्याचे तीन मार्ग आहेत: लढाई, त्याच्या तळाशी असलेला अणुबॉम्ब, आणि संवाद. संवादात नीतीचे पाठ उपयोगी पडत नाहीत. ब्रदरहुड ऑफ स्टील या संघटनेतील व्री नावाच्या संशोधिकेने या बदललेल्या जीवांचे शवविच्छेदन केलेले असते. ही नवी जात वांझ आहे, तिला संतती होणार नाही, असा तिचा निष्कर्ष असतो. तो अहवाल मिळवून मास्टरपुढे ठेवला की त्याचा युक्तिवाद आतून कोसळतो. आपण केलेल्या क्रौर्याला काहीही अर्थ नव्हता हे उमजल्यावर तो स्वतःचा तळ आणि स्वतःला नष्ट करतो. मघाशी उल्लेखिलेली लौह ती हीच. ती मंत्राची नसून प्रयोगशाळेच्या अहवालाची आहे. भेद पुसून साधलेले ऐक्य निपुत्रिक असते, हा अर्थ त्या अहवालातून निघतो आणि तो कृतीने कोठेही ठळक अक्षरांत सांगितलेला नाही.

मर्यादा

आता दुसरी बाजू पाहू. आरंभी सर्वांना समान ४० गुणांक देणारा हा खेळ वरकरणी न्याय्य दिसतो. परंतु पुढचा हिशेब वेगळा आहे. प्रत्येक पातळी चढल्यावर कौशल्यांसाठी जे गुण मिळतात त्यांचे सूत्र ‘५ अधिक बुद्धीची दुप्पट’ असे आहे. बुद्धी ९ असलेल्याला दर वेळी २३ गुण मिळतात, तर बुद्धी २ असलेल्याला ९. खेळात २१ पातळ्या आहेत. वीस वेळा पातळी वाढली तर एकाचे ४६० होतात आणि दुसऱ्याचे १८०. म्हणजे भांडवल सारखे असले तरी एकाच प्रकारच्या भांडवलावर व्याज मिळते. पुस्तक वाचण्यासही कमी बुद्धीच्या नायकाला अधिक तास लागतात. वर्गात वर्षानुवर्षे उभे राहिलेल्या अध्यापकाला हे सूत्र ओळखीचे वाटेल. समान संधी आणि समान वाढ यांतील अंतर या खेळाच्या गणितात आहे, पण खेळ त्याविषयी कधीही बोलत नाही.

बुद्धी ४ पेक्षा कमी ठेवली तर नायकाच्या तोंडी हुंकार आणि तुटक शब्दच उरतात, आणि बहुतेक पात्रे त्याला झिडकारतात. एका परीने हे धाडसी आहे, कारण पात्राची मर्यादा भाषेतच उमटते. परंतु या नायकाचा उपयोग मुख्यतः विनोदासाठी केला गेला आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वाट्याला या उजाड जगाची कोणती निराळी जाणीव येते, याचा विचार लेखकांनी केलेला नाही. त्याची कथा निराळी होण्याऐवजी केवळ छोटी होते. वाक्पटू आणि बुद्धिमान नायकाला सर्वांत समृद्ध कथा मिळते, ही या रचनेतील उघड पक्षपाताची जागा आहे.

अखेरच्या प्रसंगात पात्रबांधणी पुन्हा वर येते. सारे संकट टळल्यावर व्हॉल्टचा प्रमुख नायकाला दारातच थांबवतो. तू बाहेरचे जग पाहून बदलला आहेस, तुझ्यामुळे तरुण बाहेर पडतील, म्हणून तुला आत घेता येत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. नायक पाठ फिरवून वाळवंटाकडे निघतो. मात्र आरंभी ‘ब्लडी मेस’ हे रक्तपाताची दृश्ये भडक करणारे वैशिष्ट्य निवडले असेल, तर तो वळून प्रमुखाला गोळी घालतो. थट्टेने केलेली एक खूण शेवटचे वाक्य बदलते. एवढ्या मोठ्या बदलामागचे कारण मात्र उथळ आहे. हा परिणाम नायकाच्या दुष्कर्मांतूनही घडू शकतो, आणि तेथे तो अधिक पटतो.

उत्तरकाल आणि निष्कर्ष

पुढील खेळांनी हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने हाताळला. २०१० सालच्या ‘न्यू वेगास’मध्ये कोणत्या उत्तराला कोणते कौशल्य किती लागते ते आकड्यांनिशी दिसते. त्यामुळे वाद समजून घेण्याआधीच बरोबर उत्तर कळते, जसे मार्गदर्शिका हाती असलेल्या परीक्षार्थीला कळते. २०१५ सालच्या ‘फॉलआउट ४’मध्ये कौशल्यांची स्वतंत्र यादीच गेली, उत्तरे चारांवर आली आणि नायकाला आवाज, जोडीदार व मूल आधीच मिळाले. कथा अधिक ठसठशीत झाली, पण तक्ता आणि संवाद यांचा धागा सैल झाला. १९९७ च्या कृतीत हे आकडे पडद्याआड होते. आपल्याला काय बोलता आले नसते हे खेळणाऱ्याला कळतच नसे, आणि अज्ञानाचे खरे स्वरूप असेच असते.

मर्यादा मान्य करूनही ही कृती महत्त्वाची ठरते. तिने नायकाच्या गुणांना कथेचे व्याकरण केले, आणि चांगले वागण्यासाठी काहीतरी यावे लागते, हे उपदेशाविना दाखवले. पदवीच्या वर्गात दास्तान शिकवताना नेक्रोपोलिसच्या पंपाचा प्रसंग तुलनेसाठी घेता येईल. नायकाला सहृदयता पुरली असती काय, आणि ते हुन्नर तो कोठे व कोणाकडून शिकणार होता, या दोन प्रश्नांवर चर्चा घडवून आणली तर विद्यार्थी स्वतःच्या शिक्षणाविषयीही काही बोलू लागतील.