राष्ट्रीय सण, राष्ट्रीय प्रतीके आणि प्राथमिक वर्गातील उपक्रम : एक चिकित्सक अभ्यास

सारांश :

प्राथमिक शाळांतून राष्ट्रीय सण आणि राष्ट्रीय प्रतीके यांच्या अध्यापनासाठी विविध उपक्रम राबविले जातात. चित्रे रंगविणे, तक्ते बनविणे, वेशभूषा, समूहगान, प्रभातफेरी, प्रश्नमंजूषा ही त्यांची परिचित रूपे होत. या उपक्रमांतून बालकास प्रतीकाची ओळख होते, त्याच्या आदराचे नियमही कळतात. परंतु प्रतीक कोणी, केव्हा आणि कोणत्या विचारांती निवडले, हा भाग बहुधा अस्पर्श राहतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील प्राथमिक वर्गांचा संदर्भ घेऊन या उणिवेची चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : राष्ट्रीय प्रतीके, राष्ट्रीय सण, कृतियुक्त अध्यापन, राष्ट्रध्वज, प्रतिज्ञा, नागरिकशास्त्र.

प्रस्तावना :

भारतीय संविधानातील अनुच्छेद ५१ (क) अन्वये संविधानाचे पालन करणे, त्याचे आदर्श, राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर राखणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांचा संविधानात समावेश झाला. या कर्तव्याची जाणीव बालवयातच व्हावी, ही अपेक्षा स्वाभाविक होय. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या आरंभीच्या पानांवर संविधानाची उद्देशिका, राष्ट्रगीत व प्रतिज्ञा छापलेली असते. शाळेचा दिवसही परिपाठाने सुरू होतो. म्हणजे राष्ट्रीय प्रतीके बालकाच्या नित्य परिचयाची असतात. प्रश्न परिचयाचा नसून आकलनाचा आहे.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शालेय ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्यावर आणि घोकंपट्टीपासून दूर जाण्यावर भर दिला. भाषा, गणित, परिसर अभ्यास या विषयांच्या अध्यापनाला या दृष्टीचा थोडाफार स्पर्श झाला. राष्ट्रीय सणांचे उपक्रम मात्र पाठांतर आणि अनुकरण यांच्या चौकटीतच राहिले. ज्या विषयातून नागरिक घडावयाचा, त्याच विषयात प्रश्न विचारण्यास सर्वांत कमी वाव असावा, ही विसंगती विचारात घेण्याजोगी आहे.

ध्वजाचे चित्र आणि ध्वजाचा निर्णय :

ध्वजाचे चित्र रंगविणे हा सर्वाधिक प्रचलित उपक्रम आहे. छापील चित्रात तीन पट्टे भरावयाचे, मध्यभागी चक्र काढावयाचे आणि रंगांचे अर्थ पाठ करावयाचे, असे त्याचे स्वरूप असते. या चित्रांतील पट्टे अनेकदा असमान असतात, चक्राच्या आऱ्या वाटेल तितक्या असतात आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक ध्वजाची लांबी व रुंदी यांचे प्रमाण ३ : २ असून तिन्ही पट्टे समान असतात. चक्रात २४ आऱ्या असतात. १८ सें.मी. लांब व १२ सें.मी. रुंद कागद दिल्यास प्रत्येक पट्टा बरोबर ४ सें.मी. येतो. वर्तुळाच्या ३६० अंशांना २४ ने भागल्यास दोन आऱ्यांमधील कोन १५ अंश येतो. पाचवीच्या वर्गात कंपास व कोनमापक हाती देऊन हे काम करता येते. अचूकतेसाठी घेतलेले हे कष्ट हाही आदराचाच एक प्रकार आहे आणि तो घोषणेपेक्षा अधिक टिकाऊ आहे.

तथापि केवळ अचूक मापाने उणीव भरून येत नाही. रंगांचे जे अर्थ तक्त्यांवर ठामपणे लिहिलेले असतात, ते संविधान सभेच्या ठरावात नाहीत. २२ जुलै १९४७ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी मांडलेल्या ठरावात रंगांचा केवळ उल्लेख आहे. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी आपल्या भाषणात त्या रंगांचे विवेचन केले. रंगांचा अर्थ हा त्याआधीही वादाचा विषय होता. रंगांना जातीय अर्थ चिकटू लागल्याने १९३१ मध्ये काँग्रेसने सात सदस्यांची समिती नेमली. समितीने संपूर्ण केशरी ध्वजाची शिफारस केली. परंतु त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने ती न स्वीकारता तिरंगा मान्य केला आणि रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही, असे स्पष्ट केले. हा इतिहास तक्त्यावरून वगळला की ध्वज आकाशातून उतरल्यासारखा वाटू लागतो.

चरख्याच्या जागी चक्र का आले, हा प्रश्न तर बालकांच्या कृतीसाठी अत्यंत अनुकूल आहे. ध्वजावरील चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखे दिसले पाहिजे. चरख्याचे चाक एका बाजूस व चाती दुसऱ्या बाजूस असल्याने मागून पाहताना ते उलट दिसते, असे कारण नेहरूंनी सभेपुढे मांडले होते. पतंगाच्या पातळ कागदावर एकदा चरखा व एकदा चक्र काढावे आणि कागद उजेडाकडे धरून मागून पाहावा, इतकी ही साधी कृती आहे. चरखा उलटतो, चक्र तसेच राहते. हे पाहणाऱ्या बालकास कळते की प्रतीकामागे विचार असतो, अडचण असते, तोडगा असतो. चरखा वगळल्याबद्दल महात्मा गांधींनी नापसंती व्यक्त केली होती, हेही वरच्या वर्गात सांगावयास हरकत नाही. मतभेद असूनही निर्णय सर्वांचा होतो, हा लोकशाहीचा धडा यापेक्षा सोप्या उदाहरणाने देता येणार नाही.

काही उपक्रम तर ध्वजसंहितेशी विसंगतच असतात. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या भारतीय ध्वजसंहितेनुसार ध्वजावर कोणताही मजकूर लिहिता येत नाही. असे असताना विद्यार्थ्यांची नावे किंवा संदेश लिहिलेले ध्वज भिंतीवर दिसतात. समारंभानंतर कागदी ध्वज मैदानावर पडलेले असतात, तेही संहितेस मान्य नाही. समारंभापूर्वी ध्वज बनविण्याचा उपक्रम सर्वत्र होतो; समारंभानंतर ते सन्मानाने गोळा करण्याचा उपक्रम क्वचित होतो. या दोहोंपैकी दुसरा अधिक शिकवतो.

माहितीचे तक्ते :

राष्ट्रीय पक्षी, प्राणी, फूल, खेळ अशी जंत्री असलेले तक्ते वर्गोवर्गी लावलेले असतात. त्यांवर राष्ट्रीय खेळ म्हणून हॉकीचा उल्लेख वर्षानुवर्षे होत आला आहे. लखनौ येथील एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारान्वये विचारणा केली, तेव्हा कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित झालेला नाही, असे उत्तर केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्ये दिले. तक्ता पाठ करणारी असंख्य बालके आणि तक्त्यावर प्रश्न विचारणारी एक बालिका, यांतील अंतर हेच या उपक्रमांच्या मूल्यमापनाचे माप मानावयास हवे. ‘हे कोणी ठरविले ?’ हा प्रश्न प्रत्येक तक्त्याखाली लिहिला गेला, तरी जंत्रीचे रूपांतर अभ्यासात होऊ शकते.

राष्ट्रगीत व प्रतिज्ञा :

राष्ट्रगीताच्या पूर्ण गायनास सुमारे ५२ सेकंद लागतात. त्याचे उच्चार, चाल आणि उभे राहण्याची शिस्त यांकडे शाळा कसोशीने लक्ष देतात. अर्थाकडे मात्र तितके लक्ष दिले जात नाही. गीतातील प्रदेशनामे नकाशावर शोधणे ही साधी कृतीही फारशी होत नाही. ती केल्यास सिंध आज भारतात नाही, हे बालकांच्याच ध्यानी येईल. हा उल्लेख वगळण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अमान्य केली. महाराष्ट्रातील शिक्षकास येथून उल्हासनगरकडे सहज वळता येते. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबे तेथे वसली. नकाशावर नसलेला प्रदेश शेजारच्या घरात कसा असतो, हे बालकास येथे समजते.

प्रतिज्ञेची स्थिती अधिक बोलकी आहे. विशाखापट्टणम येथे कोषागार अधिकारी असलेले पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये ती तेलुगू भाषेत लिहिली. न्या. मु. क. छागला यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने १९६४ मध्ये ती शाळांतून म्हणवून घेण्याची सूचना केली आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती रूढ झाली. ती रोज म्हणणाऱ्या बालकांस तिचा लेखक ठाऊक नसतो. रोज म्हटलेले शब्द अर्थावाचून झिजतात. महिन्यातून एकदा तिच्यातील एका वाक्याचा आपल्या वर्गापुरता अर्थ काय, यावर चर्चा झाली तर ही झीज थांबू शकेल. सर्व भारतीयांशी बंधुत्वाची ग्वाही देऊन मुले वर्गात परततात आणि पाण्याच्या माठाशी किंवा दुपारच्या पंगतीत कोणाला वेगळे वागविले जात असेल, तर तेथेच प्रतिज्ञेचा पाठ घ्यावयाचा असतो.

या संदर्भात बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य हा खटला शिक्षकांनी अभ्यासावा असा आहे. यहोवा साक्षीदार पंथातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही आणि शांतपणे उभे राहणे हा अनादर नव्हे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये त्यांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. आवाजाच्या मोठेपणावरून निष्ठा मोजणाऱ्या प्रत्येक उपक्रमास हा निकाल मर्यादा घालतो. प्रतीक सर्वांना सामावून घेण्यासाठी असते. ते बालकास वर्गाबाहेर काढण्याचे साधन झाले, तर त्याचा मूळ हेतूच पराभूत होतो.

वेशभूषा आणि विविधता :

‘विविधतेत एकता’ या विषयावरील वेशभूषा हा लोकप्रिय उपक्रम आहे. त्यात महाराष्ट्र म्हणजे नऊवारी व फेटा, पंजाब म्हणजे भांगडा, असे ठोकळेबाज समीकरण मांडले जाते. आदिवासी बालकाच्या भूमिकेला पाने व पिसे लावली जातात. प्रेक्षकांत बसलेल्या वारली, गोंड, कोरकू किंवा भिल्ल कुटुंबातील बालकास स्वतःच्या समाजाचे हे चित्र कसे दिसत असेल, याचा विचार संयोजनात आढळत नाही. शिवाय भाड्याने पोशाख आणण्याची ऐपत सर्व पालकांची नसते. त्यामुळे मध्यवर्ती भूमिका ठरावीक मुलांकडेच जातात. समतेचा सण साजरा करताना विषमतेचा अनुभव मिळावा, ही बाब किरकोळ मानता येणार नाही. पोशाखाऐवजी वर्गातील मुलांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा, वाक्प्रचार व खेळ यांची नोंदवही तयार केली, तर विविधता उसनी आणावी लागणार नाही.

सणांची तारीख आणि परिसराचा इतिहास :

२६ जानेवारी हा दिवस १९३० मधील पूर्ण स्वराज्य दिनाच्या स्मरणार्थ निवडला गेला, हे भाषणांत कधीमधी सांगितले जाते. परंतु स्वातंत्र्याच्या तारखा सर्वांसाठी एक नव्हत्या, हे क्वचितच सांगितले जाते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. गुन्हेगार जमाती कायद्याच्या जाचातून विमुक्त जमातींची सुटका ३१ ऑगस्ट १९५२ रोजी झाली. वर्गाच्या भिंतीवर या तारखांची एक कालरेषा लावली, तर पारधी किंवा कैकाडी कुटुंबातील मुलासही त्या भिंतीवर आपले स्थान दिसेल.

ध्वजासाठी झालेला संघर्षही परिसरातच आहे. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह, १९३० मधील सोलापूरचा लष्करी कायदा व १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा, ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे मिरवणुकीवरील गोळीबारात हुतात्मा झालेला शिरीषकुमार व त्याचे बालसोबती, ही नावे त्या त्या जिल्ह्यात परिचित आहेत. सोलापूरच्या चौघांची नावे एकत्र वाचली, तरी राष्ट्र या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. भाषणाच्या पाठांतराऐवजी गावातील स्मृतिस्तंभावरील नावे उतरवून आणणे व त्यांविषयी वडीलधाऱ्यांना विचारणे हा उपक्रम त्यामुळेच अधिक सकस ठरतो.

उपक्रमांमागील अडचणी :

या उणिवांचे खापर केवळ शिक्षकांवर फोडणे अन्यायाचे होईल. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाकडे कवायत, लेझीम, समूहगीत व भाषणे बसविल्यानंतर चर्चेसाठी वेळ उरत नाही. उपक्रमांचे छायाचित्रांसह अहवाल मागविले जातात. छायाचित्रात तिरंगी सजावट दिसते, प्रश्न दिसत नाही. पालक व ग्रामस्थ यांनाही देखणा कार्यक्रम हवा असतो. त्यातच संवेदनशील विषयावर चर्चा घडविल्यास वाद होईल, ही भीती असते. मात्र येथे सुचविलेल्या कृतींना पातळ कागद, नकाशा आणि एक तासिका यांपलीकडे साहित्य लागत नाही. सोहळा रद्द करावा, असेही कोणी म्हणणार नाही. सामूहिक गायनाचा व एकत्र उभे राहण्याचा आनंद बालमनाची गरज आहे. त्या आनंदाला आकलनाची जोड हवी, इतकेच.

निष्कर्ष :

१. प्रचलित उपक्रम प्रतीकाची ओळख व शिष्टाचार शिकवितात. प्रतीकामागील निर्णयप्रक्रिया शिकवीत नाहीत.

२. माप, नकाशा, कालरेषा व परिसरातील स्मारके यांच्या आधारे तेच विषय अल्प खर्चात अभ्यासपूर्ण करता येतात.

३. वेशभूषा व तक्ते यांतील ठोकळेबाज प्रतिमा आणि चुकीची माहिती तपासून घेणे आवश्यक आहे.

४. उपक्रमाचे मूल्यमापन सजावटीवरून न होता बालकांनी विचारलेल्या प्रश्नांवरून व्हावे.

५. कोणताही उपक्रम न गाणाऱ्या, न बोलणाऱ्या किंवा पोशाख नसलेल्या बालकास परके ठरविणारा नसावा.

राष्ट्रीय प्रतीके ही माणसांनी वाद, विचार व तडजोड यांतून घडविली. ती घडविण्याची रीत कळलेली पिढीच ती जपण्याची जबाबदारी समजून घेऊ शकते.