‘स्मृतिचित्रां’तील धर्म आणि सुख

केवळ धर्मांतराची हकीकत म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ वाचावयास घेणाऱ्याची थोडी निराशाच व्हावयाची. कोणता धर्म खरा, या वादाचा निकाल त्यांत नाहीं. १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राचा खरा प्रश्न निराळाच आहे: एकानें मनःशांति शोधावी आणि तिचें मोल दुसऱ्यानें द्यावें, हें कितपत न्याय्य?

१८९५ सालीं नारायण वामन टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या जिवाला समाधान लाभलें. पत्नीच्या वांट्याला मात्र पति हयात असतां मोडलेला संसार, पदरीं मूल आणि नातलगांचा आश्रय आला. ताटातुटीचीं हीं सुमारें पांच वर्षें सांगतांना दुसऱ्या एखाद्या लेखिकेनें पतीवर फिर्याद तरी मांडली असती, नाहीं तर त्याचें स्तोत्र गाइलें असतें. लक्ष्मीबाई दोन्ही टाळतात. पतीचा लहरीपणा त्या मिस्किलपणें सांगतात, आणि त्याच्यावरील मायाही लपवीत नाहींत. राग आणि प्रेम एकाच मनांत नांदूं शकतात, हें त्यांना कोणी शिकवावें लागलें नाहीं.

१९०० सालीं त्यांनीं स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु माझ्या मतें पुस्तकांतील खरें स्थित्यंतर त्यापूर्वींचें आहे. जातिभेद देवानें नव्हे, माणसांनींच निर्माण केला, असें त्यांच्या मनानें घेतलें आणि सोवळ्याओवळ्याचें जन्मभराचें ओझें गळून पडलें. हा निर्णय शास्त्रार्थानें झालेला नाहीं. दुःखानें मऊ झालेल्या मनानें तो केला आहे. येथें भावना पुढें चालते आणि धर्म तिच्या मागून येतो.

या ग्रंथांत तत्त्वविवेचन तोकडें आहे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अगदींच खोटा नाहीं. पण ती उणीव भरून काढावयास गेलें असतें, तर पुस्तकाचें प्रवचन झालें असतें. धर्मांतरानें आपण सुखी झालों, असा डांगोराही लक्ष्मीबाई पिटीत नाहींत. नव्या घरांतही जुनी ओढाताण आहेच. १९१९ मध्यें टिळक वारले, आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनीं त्यांनीं हें सारें लिहिलें, तेंही हंसत हंसत. सुख मिळालें कीं नाहीं, याचा हिशेब त्यांनीं मांडला नाहीं. ज्यानें दुखविलें त्याच्याविषयीं मन कडू होऊं दिलें नाहीं, एवढेंच त्यांनीं केलें. धर्माकडून याहून अधिक काय मागावें, हें निदान मला तरी सुचत नाहीं.