नरूचे घर, मदनपुऱ्याचे घर

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातला नरू गुंड आहे. पण त्याला आई आहे, भावंडे आहेत. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरलेल्या १९८२ च्या संपाने मोडलेले घर आहे. म्हणून त्याचा राग येतो आणि कारणही कळते. त्याच घरातली बाकीची भावंडे मात्र हत्यार धरीत नाहीत. कारण आणि सबब यांतला फरक नाटक असा दाखवते.

गिरण्यांच्या मागांवर मदनपुऱ्यातले मोमीन विणकरही होते. रोजी त्यांचीही गेली. हिंदी चित्रपटातला मुस्लिम तरुण मात्र बहुधा थेट पिस्तूल घेऊनच येतो. मागे ना बाप, ना माग. जणू गुन्हा रक्तातच! याचा दंड सारा मोहल्ला भरतो. नोकरीच्या अर्जावरचा पत्ताच तरुणांच्या आड येतो.

आम्हाला गुन्ह्याची वकिली करायची नाही. सुपारी घेऊन मारणारा दोषीच. पण त्याचे घर आणि त्याच्या गोळीने उजाड झालेले घर, दोन्ही लिहिली गेली पाहिजेत. ते काम आम्हा मुस्लिम मराठी लेखकांचे आहे.