स्मरणरंजन आणि लोकानुनय : बंगळूरच्या संदर्भात

गतकाळाची ओढ ही वाङ्मयाच्या मूळ प्रेरणांपैकी एक आहे. तिला सरसकट प्रतिगामी ठरविणे उथळपणाचे, तसेच तिला निरुपद्रवी भावविलास मानणेही भोळेपणाचे होय. पाश्चात्त्य भाषांतील 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर ह्या वैद्यकाच्या अभ्यासकाने घडविला. परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांच्या गृहविरहाच्या व्याधीला त्याला नाव द्यावयाचे होते. व्यक्तीची ही व्याधी समाजाला जडली म्हणजे तिचे राजकारण होऊ लागते. हरवलेले घर परत मिळवून देण्याचे आश्वासन देणारा पुढारी उभा राहतो आणि ते घर कोणी हिरावून घेतले हेही तो बोट दाखवून सांगतो. लोकानुनयाचे खरे बळ ह्या बोट दाखविण्यात आहे. गतकाळाकडे वळणारी कोणती कृती त्यास साहाय्य करते आणि कोणती त्यास अडविते, हे पाहणे हे समीक्षेचे काम ठरते.

ह्या दृष्टीने बंगळूरचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेले हे नगर १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाच्या वंशजाकडून जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. कन्नड स्मरणात जे वर्ष हानीचे, तेच मराठी स्मरणात वैभवाच्या आरंभाचे आहे. ह्याच वैभवाचे चित्र जयराम पिंड्ये ह्या कवीच्या 'राधामाधवविलासचंपू' ह्या काव्यात आढळते. जयराम आश्रयार्थी होता. त्याचे काव्य स्तुतिपर आहे, हे विसरून चालणार नाही. तथापि तो आपल्या धन्याची थोरवी कशाने मोजतो, हे पाहण्याजोगे आहे. शहाजीराजांच्या सभेत नाना भाषांचे कवी येतात, आणि जयराम स्वतः संस्कृताबरोबर अनेक देशी भाषांत रचना करून दाखवितो. राजाचा मोठेपणा त्याच्यापुढे किती भाषा बोलल्या जातात ह्यावरून ठरावा, ही कल्पना ह्या काव्याच्या मुळाशी आहे.

हे काव्य १९२२ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. शहाजीराजांच्या कर्तृत्वाला त्याचे स्थान मिळवून देण्याची राजवाड्यांची आकांक्षा उघड आहे. त्यांच्या काही अनुमानांविषयी दुमत होऊ शकेल. परंतु त्यांचे स्मरण पराधीन समाजाचे स्मरण होते. त्याचा रोख प्रबळ परसत्तेवर होता आणि ते कागदपत्रांच्या कसोटीला उभे राहू इच्छीत होते. स्वराज्यात तेच स्मरण बहुसंख्यांच्या हाती आले, तेव्हा शब्द तेच राहूनही त्याचा रोख पालटला. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरात शिवाजीमहाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि त्याचे पडसाद बेळगावात संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याच्या नासधुशीत उमटले. पुढच्याच वर्षी, ११ नोव्हेंबर २०२२ रोजी, बंगळूरच्या विमानतळावर केंपेगौडाच्या १०८ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. त्याचे शिल्पकार धुळे जिल्ह्यातून आलेले राम सुतार होते. पुतळ्यांच्या वादात ही गोष्ट कोणी फारशी उच्चारीत नाही, कारण एकरंगी स्मरणात तिला जागा नाही.

कन्नड साहित्यात हाच संघर्ष टिपूभोवती अधिक तीव्रतेने प्रकटला. गिरीश कर्नाड ह्यांच्या टिपूच्या स्वप्नांवरील नाटकात किरमाणी हा इतिहासकार येतो. मृत धन्याविषयीची निष्ठा आणि विजेत्या इंग्रजांसाठी लिहावयाचा इतिहास ह्या दोहोंत तो ओढला जातो. स्मरण विकले जाते तेव्हा स्मरणाऱ्याच्या मनाचे काय होते, हा ह्या नाटकाचा सखोल भाग होय. मात्र कोडगू आणि मलबार येथील टिपूच्या क्रौर्याला त्यात पुरेसे वजन मिळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. उलट एस. एल. भैरप्पा ह्यांची 'आवरण' (२००७) ही कादंबरी नेमके असेच दडपलेले क्रौर्य उघड करण्याच्या प्रतिज्ञेने लिहिली गेली. ती प्रतिज्ञा अयोग्य नाही. कादंबरीच्या पोटात नायिका लिहीत असलेली दुसरी कादंबरी आणि तिच्यासोबत दिलेली ग्रंथांची यादी ही रचनाही कल्पक आहे. परंतु विरोधी मत मांडणारा प्राध्यापक ढोंगीच असावा, अशी लेखकाने आधीच सोय केल्यामुळे कोणताही पुरावा नायिकेला अडचणीत आणीत नाही. कलादृष्ट्या हा दोष आहे आणि लोकानुनयाला नेमकी हीच सोय हवी असते.

मराठी वाचकाने ही कसोटी स्वतःलाही लावली पाहिजे. १७९१ मध्ये मराठी फौजेबरोबर आलेल्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला आणि त्या मठाला टिपूने साहाय्य पाठविले. कोडगूची हकीकत जितकी खरी, तितकीच हीही खरी आहे. दोन्ही हकीकती एका पात्राच्या मनात एकत्र नांदू शकतील अशी ऐतिहासिक कादंबरी मराठीत दुर्मिळ आहे. आपल्या लेखकांनी पूर्वजांचे पराक्रम भरपूर वर्णिले. पूर्वजांमुळे ज्यांची घरे गेली त्यांचे दुःख मात्र क्वचितच वर्णिले.

ह्यावर असे म्हटले जाईल की, सामान्य माणसाला अभिमानास्पद असे काही हवे असते आणि ते नाकारणारी समीक्षा त्याला राजकारण्यांच्या हवाली करते. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच अभिमानाची खिल्ली न उडविता त्याला अधिक समृद्ध आशय पुरविणे आवश्यक आहे. बंगळूरच्या त्या बहुभाषी सभेचा अभिमान मराठी माणसाने अवश्य बाळगावा. मात्र तेथे कन्नड आणि तेलुगू शब्दही मानाने उच्चारले जात होते, हे त्या अभिमानातून वगळू नये. ऐतिहासिक कृतीचे मूल्यमापन करताना समीक्षकाने हे वगळलेले शब्द शोधून काढावेत आणि ते का वगळले गेले हे लेखकाला विचारावे.