सॅक, स्मॉल बिअर आणि राजपुत्राची शब्दसंपदा

शेक्सपिअरचे 'हेन्री द फोर्थ' वाचताना 'सॅक' या शब्दापुढे तुम्ही वहीत नुसते 'दारू' असे लिहिले असेल. परीक्षेपुरते ते चालेल. पण या नाटकात पेयांची नावे एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. सॅक म्हणजे स्पेनहून येणारी पांढरी वाइन, चांगले पैसे मोजून घ्यायची. फॉलस्टाफच्या खिशात सापडलेले बिल पाहा: दोन गॅलन सॅकचे ५ शिलिंग ८ पेन्स आणि पावाचा अर्धा पेनी. 'स्मॉल बिअर' मात्र पातळ, स्वस्त, सामान्य घरात रोज प्यायची. क्षुल्लक गोष्टीलाही इंग्रजीत तेच नाव पडले. 'ऑथेल्लो'मध्ये इयागो ते त्याच तुच्छतेने वापरतो.

आता पहिल्या भागातील (छापील आवृत्ती १५९८) दुसऱ्या अंकाचा चौथा प्रवेश उघडा. राजपुत्र हॅल लंडनमधील ईस्टचीपच्या गुत्त्यात तळघरातून वर येतो. पिंपांमध्ये बसून तो 'ड्रॉअर' लोकांबरोबर प्यायला आहे. (टेबलाचा खण नव्हे, पिंपातून मद्य काढून देणारी पोरे.) त्यांचे शब्द त्याने पाठ केले आहेत. भरपूर पिण्याला ते 'डाइंग स्कार्लेट' म्हणतात, म्हणजे लाल रंगात बुडवणे. पिताना कोणी श्वास घ्यायला थांबला की खाकरून 'प्ले इट ऑफ' असे बजावतात. आपण 'एका दमात संपव' म्हणू तसे. पाव तासात मी इतका तयार झालो की कोणत्याही कल्हईवाल्याशी त्याच्याच भाषेत पिऊ शकेन, अशी बढाई हॅल मारतो.

या प्रवेशावरून हॅलला लोकांत मिसळणारा राजपुत्र ठरवण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. लगेच पुढे काय होते ते वाचा. फ्रान्सिस नावाच्या पोराने त्याला प्रेमाने एक पेनीची साखर दिलेली असते. त्यालाच हॅल बोलण्यात गुंतवतो आणि दुसऱ्या खोलीतून पॉइन्झ हाका मारत राहतो. उमेदवारीची पाच वर्षे अजून शिल्लक असलेले ते पोर दोघांच्या मध्ये अडकून 'अनॉन, अनॉन' म्हणजे 'आलोच, आलोच' एवढेच म्हणत राहते. मग हॅल त्याला हसतो: याच्याजवळ पोपटाइतकेही शब्द नाहीत! ज्याच्या टोळीकडून शब्द घेतले त्याच्याच शब्ददारिद्र्याची ही थट्टा आहे.

दुसऱ्या भागात वॉरिक आजारी राजाला धीर देताना हेच उघडपणे सांगतो. राजपुत्र सोबत्यांचा अभ्यास परक्या भाषेसारखा करतो आहे. भाषा शिकताना घाणेरडा शब्दही समजून घ्यावा लागतो, मग तो टाकून देता येतो. वॉरिकच्या दृष्टीने ही स्तुती आहे. तुम्ही मात्र फ्रान्सिसच्या बाजूने ती पुन्हा वाचा.

तरीही शेक्सपिअर हॅलला इतक्या सहज सोडत नाही. त्याच दुसऱ्या भागात, दुसऱ्या अंकात, थकलेल्या हॅलला स्मॉल बिअर प्यावीशी वाटते आणि त्याची त्याला लाज वाटते. आपली भूक राजघराण्यातली नसावी, असे तो म्हणतो. शिकलेला शब्द विसरता येतो, लागलेली चव कशी विसरणार? चौथ्या अंकात फॉलस्टाफ नेमका याच्या उलट बोलतो: हॅलचे थंड रक्त शेरीने तापले म्हणून तो शूर झाला, मला हजार मुलगे असते तर पातळ पेये सोडा, हाच पहिला धडा दिला असता. हा संपूर्ण उतारा 'दारूची स्तुती' म्हणून लिहिलात तर त्यातला राजकीय दावा हातचा जाईल. राजाचे शौर्य वडिलांकडून नव्हे, गुत्त्यातून आले, असे फॉलस्टाफ सांगतो आहे.

शेवटी, राज्याभिषेक झालेला हॅल रस्त्यात फॉलस्टाफला ओळख नाकारतो. ते भाषण हातात पेन्सिल घेऊन वाचा. त्यात खादाडपणा आहे, फुगलेले शरीर आहे, पांढरे केस आहेत. सॅक, शेरी किंवा बिअर यांपैकी एकही शब्द नाही.