सिंधीपुरा आणि आपली वाचनाची सवय

रामचंद्र चिंतामण ढेरे यांचा 'मुसलमान मराठी संतकवी' हा ग्रंथ १९६७ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी दहा वर्षे, १९५७ साली, पाकिस्तानातील सिंधी अदबी बोर्डाने राशिद बुऱ्हाणपुरी यांचा 'बुऱ्हाणपूर के सिंधी अवलिया' हा उर्दू ग्रंथ प्रकाशित केला होता. ढेऱ्यांचा ग्रंथ आपल्या मंडळींच्या परिचयाचा आहे. राशिद यांच्या ग्रंथाचा विषय तर आपलेच गाव आहे आणि लेखकाने आपल्या नावापुढे मिरविले तेही आपल्याच गावाचे नाव. तरीही आपल्या मराठी चर्चेत त्याचा उल्लेख अपवादानेच होतो. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत, म्हणजे परक्या ठिकाणाहून येऊन स्थिरावलेल्या धर्मीयांकडे आपले साहित्य कसे पाहत आले आहे याची काही कल्पना येईल, असे आम्हांस वाटते.

राशिद यांचा ग्रंथ तझकिरा या जुन्या प्रकारातला आहे. सोळाव्या शतकात सिंधमध्ये राजकीय धामधूम माजली तेव्हा पाट या गावची काही सूफी घराणी बाहेर पडली. गुजरातेतून ती वऱ्हाडात एलिचपुरास आली आणि इमादशाहीचा शेवट झाल्यावर फारुकींच्या आश्रयाने बुऱ्हाणपुरात स्थायिक झाली. सिंधीपुरा हे मोहल्ल्याचे नाव त्या स्थलांतराची खूण आहे. या घराण्यांतील सर्वांत मोठे नाव शाह ईसा जुंदुल्लाह यांचे. 'मसीहुल अवलिया' म्हणून ज्यांना ओळखतात ते हेच. शत्तारी परंपरेतील या पुरुषाने कुराणावर भाष्य लिहिले, ईश्वराच्या नावांवर विवरण केले आणि १६२२ साली येथेच देह ठेवला. त्यांचा जन्म मात्र १५५५ सालचा, एलिचपूरचा. म्हणजे ज्याची गणना आपण सहजपणे बाहेरच्यांत करू, तो जन्माने वऱ्हाडचा ठरतो. आपल्यापैकी पुष्कळ घराण्यांचे पूर्वज बुऱ्हाणपुरात आले ते उदगीरच्या लढाईनंतर, १७६० साली हे शहर पेशव्यांकडे आले त्या सुमारास किंवा त्याहूनही पुढे शिंदेशाहीत. सिंधीपुरा तेव्हा जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा होता.

तझकिऱ्याला आपल्या मर्यादा आहेत. गुरुपरंपरा, पुण्यतिथी, कबरीचे ठिकाण आणि करामती हा त्याचा साचा. या मंडळींच्या समाच्या मैफलींत सिंधी पदे गाइली जात. परमुलखात आलेल्या लोकांनी आपली बोली भजनातून कशी जपली हे जाणण्याची वाचकाला इच्छा होते, परंतु तझकिरा तेथे थांबत नाही; त्याला पुढच्या गादीकडे जायचे असते. ज्या घरांत ही बोली बोलली जात होती त्या घरांतील स्त्रिया आणि ज्यांच्या कष्टावर खानकाहचा लंगर चालत होता ती माणसे त्या पानांत क्वचितच दिसतात. हा दोष दाखविताना आमच्या डोळ्यांसमोर वारंवार आपलेच कुलवृत्तांत येतात. मूळ पुरुष, इनाम, वाडा, पिढ्यांचा वृक्ष आणि अधूनमधून एखादा कुलस्वामिनीचा दृष्टान्त! साचा तोच आहे. आलेला प्रत्येक समाज आपल्या येण्याची हकीकत लिहितो आणि ती लिहिताना तेथे आधी कोण होते हे विसरतो, एवढे साम्य तरी मान्य केले पाहिजे.

ढेऱ्यांचे काम निराळ्या जातीचे आणि फार मोलाचे आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि त्यांचा 'योगसंग्राम', गीतेवरील 'अंबरहुसेनी' टीका, शहामुनींचा 'सिद्धान्तबोध', शाह मुंतोजींचे प्रकरणग्रंथ ही सर्व सामग्री त्यांनी साक्षेपाने एकत्र आणली. आमची तक्रार ग्रंथाविषयी नाही, त्याच्या वाचनाविषयी आहे. मराठी लिहिणारा आणि अद्वैत व भक्ती यांच्या परिभाषेत बोलणारा मुसलमान आपल्याला तत्काळ आपला वाटतो. ज्याने ती परिभाषा घेतली नाही, तो वाङ्मयेतिहासाच्या बाहेर उभा राहतो. शेख महंमदांसारख्यांना जुन्या मराठीत 'अविंध' म्हणत, म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. कान टोचून घेतले तरच पंक्तीत बसावयाचे, अशीच आपल्या रसिकतेची अट दिसते.

अल्पसंख्य हा शब्दही आपण सैलपणे वापरतो. २०११च्या जनगणनेत बुऱ्हाणपूर शहरात मुसलमान सुमारे निम्मे होते. फारुकींच्या काळी धर्म सत्ताधाऱ्यांचा, पण प्रजेत बहुसंख्य अन्यधर्मीय. जामा मशिदीतील संस्कृत शिलालेख या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. राजा अली खानाच्या या लेखात अरबी मजकुराबरोबर संस्कृत श्लोक आहेत, ईश्वराला अव्यक्त व निर्गुण म्हटले आहे, राजवंशावळ दिली आहे आणि काल हिजरीबरोबरच विक्रम संवत् १६४६ व शके १५११ असा नोंदविला आहे. याला सहिष्णुतेचे प्रशस्तिपत्र देऊन मोकळे होण्याची आपली सवय आम्हांस पटत नाही. तो राजनीतीचा लेख आहे. आपण येथलेच आहोत हे येथल्या विद्वानांच्या भाषेत आणि पंचांगात सिद्ध करण्याची गरज राजालाही वाटली, हे त्यातले मर्म आहे.

बोहऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. १७३० साली येथे निवर्तलेल्या सय्यदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांच्या दरगाहमुळे देशोदेशीचे यात्रेकरू या गावी येतात. मुसलमानांतही हा समाज अल्पसंख्य. त्याची भाषा गुजराती वळणाची आणि लिपी अरबी. त्या समाजातील बहिष्काराचा बुऱ्हाणपूरचा खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९४७ साली निकालात निघाला. अल्पसंख्यांच्या पोटात आणखी एक अल्पसंख्य असतो, हे त्या कागदांत जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही ललितकृतीत आम्हांस आढळले नाही.

ज्यांचा तझकिराही नाही आणि खटलाही नाही, ते म्हणजे मोमिन विणकर. १८५७ नंतरच्या दशकांत अवध व त्याच्या पूर्वेकडील जिल्ह्यांतून, दडपशाही, दुष्काळ आणि विलायती कापड यांच्या रेट्याने, ते मालेगाव, भिवंडी व बुऱ्हाणपूर येथे आले. मालेगावच्या मागांवर मराठी स्त्रियांची लुगडी विणली गेली. लुगडे मराठी कवितेत पुष्कळ आले, विणणारा आला नाही. हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) ही या विषयावरील आपली सर्वांत धीट कादंबरी, यात आम्हांस संशय नाही. पण तिच्यातील मुसलमान कोकणातल्या मातीचे, पिढ्यान्पिढ्या तेथलेच. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हाही व्यासपीठ मराठी लिहिणाऱ्यांचे होते, आणि ते स्वाभाविकच होते. उर्दूत जगणारा विणकर त्याही चौकटीबाहेर राहिला.

ही उणीव भरून काढणे बुऱ्हाणपूरकर मराठी लेखकाला पुण्याच्या लेखकापेक्षा अधिक शक्य आहे. जुन्या मध्यप्रदेशात हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड राहिला आणि आपण एका रात्रीत भाषेने अल्पसंख्य झालो. शाळा, ग्रंथालय, मुलांचे मराठी यांची काळजी वाहणे म्हणजे काय, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. तीच काळजी चार गल्ल्यांपलीकडे उर्दूसाठी वाहिली जाते.

राशिद यांच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर प्रथम व्हावे. ते करणाऱ्यास फारसी नामावळीपेक्षा शत्तारींची परिभाषा अधिक अडविणार आहे. त्यासाठी शाह मुंतोजींचे 'पंचीकरण' हाताशी ठेवावे. सूफी आणि वेदान्ती संज्ञांचे प्रतिशब्द त्यांनी शतकांपूर्वी मराठीत मांडून ठेवलेले आहेत.