सोंग आणि भूमिका : चित्रपटातील पात्र लिहिण्याचा प्रश्न

१

चित्रपटातील एखादे पात्र स्वतःकडे घेऊन त्याच्या नावाने इतरांशी लिखित संवाद करीत राहणे, हा प्रकार संगणकीय माध्यमात आता चांगलाच रुळला आहे. रोल-प्ले या नावाने तो ओळखला जातो. त्याची पूर्वपीठिका १९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी रचलेल्या शब्दमय संगणक-खेळापर्यंत मागे नेता येते. पुढे १९९९ मध्ये सुरू झालेल्या लाइव्हजर्नलवर आणि २००९ नंतर ड्रीमविड्थवर त्याचे साहित्यिक अंग विशेष वाढले. येथे कोणी वेषभूषा करीत नाही, कोणी कोणाला दिसतही नाही. एक लेखक आपल्या पात्राची उक्ती आणि कृती लिहितो, दुसरा आपल्या पात्रातर्फे तिला उत्तर देतो आणि या देवाणघेवाणीतून मूळ चित्रपटात नसलेला प्रसंग घडत जातो. या व्यवहारात सर्वांत मोठी प्रशंसा एकच असते : पात्र अस्सल उतरले. सर्वांत मोठा आक्षेपही एकच : हा 'तो' नव्हे.

हे निर्णय कशाच्या आधारे दिले जातात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. जो प्रसंग चित्रपटात घडलेलाच नाही त्यात पात्र 'अस्सल' आहे, या विधानाचा अर्थ काय? मूळ संहितेशी ताडून पाहण्याची सोय येथे नाही. तरीही असे निर्णय दिले जातात, त्यांवर वाद होतात आणि पुष्कळदा एकमतही होते. तेव्हा त्यांना केवळ वैयक्तिक अभिरुची म्हणून बाजूला सारता येणार नाही. उदाहरणादाखल मायकेल कर्टिझ दिग्दर्शित 'कॅसाब्लांका' (१९४२) या चित्रपटातील रिक ब्लेन हे पात्र घेतले आहे. त्याच्या बाह्य खुणा सर्वपरिचित आहेत आणि त्याचा भूतकाळ मात्र चित्रपटाने हेतुतः मोकळा ठेवला आहे. या दोन टोकांमुळे आपला प्रश्न स्पष्टपणे मांडता येतो.

२

एक सैद्धांतिक अडचण आरंभीच दूर केली पाहिजे. १९०४ साली ए. सी. ब्रॅडली यांनी शेक्सपिअरच्या शोकात्मिकांचे विवेचन करताना पात्रांचा विचार जिवंत माणसांप्रमाणे केला. १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स यांनी लेडी मॅक्बेथला मुले किती, असा उपरोधिक प्रश्न शीर्षकातच विचारून या पद्धतीची खिल्ली उडवली. संहितेबाहेर पात्राला अस्तित्व नाही, म्हणून संहितेबाहेरचा प्रश्न निरर्थक होय, ही भूमिका पुढे संरचनावादाने अधिकच कडक केली. पात्र म्हणजे कथनातील एक कार्य, एवढेच उरले. आपल्याकडे याचा परिणाम चमत्कारिक झाला. सिद्धांताच्या तासाला पात्र हे कार्य असते आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत 'स्वभावचित्रण करा' हा प्रश्न मात्र कायम असतो. त्याचे उत्तर विशेषणांच्या यादीने देण्याची प्रथाही कायम आहे.

रोल-प्ले करणाऱ्याला या दोहोंपैकी एकही मार्ग मोकळा नाही. रिक हे कार्य आहे एवढे जाणून पुढचे वाक्य लिहिता येत नाही. तो कडवट, एकाकी आणि उदार आहे, या यादीनेही ते लिहिता येत नाही. अनेक गटांत पात्र मागताना अर्ज करावा लागतो. त्यात पात्राचा पूर्ववृत्तान्त, स्वभावाचे विवेचन आणि लेखनाचा नमुना यांची अपेक्षा असते. शिवाय चित्रपटातील कोणत्या क्षणापासून पात्र घेतले आहे, हेही सांगावे लागते. ही शेवटची अट समीक्षादृष्ट्या फार सूचक आहे. इल्सा पुन्हा भेटण्यापूर्वीचा रिक आणि विमानतळावरच्या धुक्यातून रेनोसह निघून जाणारा रिक यांचे नाव एकच असले, तरी त्यांना एकच प्रश्न विचारून एकच उत्तर मिळणार नाही. पात्र हा गुणांचा स्थिर संचय नसून कालक्रमात घडणारी गोष्ट आहे, हे या अटीने गृहीत धरले आहे.

३

अस्सलपणाची पहिली आणि सोपी कल्पना साम्याची असते. रिकची सिगारेट, पांढरा डिनर जॅकेट, शेवटचा ट्रेंचकोट आणि तुटक बोलणे एवढे आणले की रिक उभा राहतो, असे समजले जाते. मराठीत याला नेमका शब्द आहे : सोंग. सोंग वठते ते खुणांच्या बळावर. परंतु लोकस्मृतीतल्या खुणा किती भरवशाच्या असतात? रिकच्या तोंडी म्हणून जगभर गाजलेले, सॅमला पुन्हा वाजवायला सांगणारे वाक्य त्या रूपात चित्रपटात कोठेही नाही. वुडी ॲलनच्या १९६९ च्या नाटकाचे आणि १९७२ च्या चित्रपटाचे 'प्ले इट अगेन, सॅम' हे शीर्षक या चुकीच्या स्मृतीवरच उभे आहे. म्हणजे सोंग कधीकधी मूळ पात्राचे नसून त्याच्या आधीच्या सोंगांचेच असते.

या ठिकाणी संस्कृत नाट्यमीमांसेतला एक जुना वाद उपयोगी पडतो. शंकुकाने नटाच्या अनुकरणाला चित्रतुरगाची उपमा दिली. चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो. ते ज्ञान सम्यक्, मिथ्या, संशयात्मक वा सादृश्यमूलक या चारही प्रकारांहून वेगळे असते. अभिनवगुप्ताने आपले गुरू भट्टतौत यांच्या आधारे यावर जे आक्षेप घेतले, त्यांतील दोन आपल्या कामाचे आहेत. पहिला असा की, अनुकरणाला मूळ पाहिलेले असावे लागते आणि राम तर कोणीच पाहिलेला नाही. दुसरा असा की, नटाचा वेष, मुकुट, रोमांच ही जड आणि इंद्रियगोचर आहेत. रती ही चित्तवृत्ती आहे. तेव्हा यांपैकी कशालाही रतीचे अनुकरण म्हणता येत नाही.

चित्रपटाच्या बाबतीत पहिला आक्षेप वरवर पाहता गळून पडतो. रिक सर्वांनी पाहिला आहे आणि पुनःपुन्हा पाहता येतो. परंतु जे पाहिले ते हम्फ्री बोगार्टचे शरीर आणि त्याचा आवाज. म्हणून दुसरा आक्षेप उलट अधिक तीव्र होतो. बोगार्टचे अनुकरण शक्य आहे. रिकच्या चित्तवृत्तीचे अनुकरण, भट्टतौताच्या अर्थाने, शक्य नाही. लिखित माध्यमात तर बोगार्टही हाती राहत नाही, उरतात केवळ शब्द. अभिनवगुप्ताने अनुकरणाच्या जागी अनुव्यवसाय ही संकल्पना आणली; नाट्य म्हणजे नक्कल नव्हे, तर एका विशिष्ट प्रकारचे पुनर्जाणणे. आपल्या प्रश्नाची दिशा येथून ठरते. 'भूमिका' या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत, नटाने वठवायचे पात्र आणि विचारपूर्वक घेतलेली बाजू. रिकची भूमिका करणे याचा अर्थ रिकची भूमिका घेणे असा होऊ शकतो का, हा खरा प्रश्न आहे.

४

त्यासाठी चित्रपटाकडे वळले पाहिजे. बल्गेरियातून आलेली ॲनिना ही नवविवाहित निर्वासित तरुणी रिककडे येते. परवान्याच्या मोबदल्यात कॅप्टन रेनोला शरण जावे काय, असा तिचा अप्रत्यक्ष प्रश्न आहे. रिक तिला तोडून बोलतो. मग तो जुगाराच्या टेबलापाशी जातो, तिच्या नवऱ्याला २२ या आकड्यावर पैसे लावायला सुचवतो आणि तोच आकडा दोनदा येतो. कृतज्ञतेचा क्षण आला की तो पुन्हा रुक्ष होतो. शब्दांत नकार, कृतीत होकार आणि दोहोंमध्ये काही पावलांचे अंतर अशी या प्रसंगाची रचना आहे.

ही रचना हाती लागली की ती सूत्र म्हणून वापरण्याचा मोह होतो. वरून कठोर, आतून भावुक हे रिकचे वर्णन चित्रपटातच रेनो करतो. परंतु ते रेनोचे निदान आहे, चित्रपटाचा निवाडा नव्हे. उगार्ते पकडला जात असताना रिकच्या हातापाया पडतो आणि रिक काहीही करीत नाही. येथे नकारामागे दडलेला होकार नाही. नकार हा नकारच आहे. उगार्ते आणि ॲनिना हे दोन प्रसंग एकत्र ठेवले म्हणजे दिसते की, रिक या वेळी काय करील हे आधी सांगता येत नाही. प्रत्येक आर्जवाला शेवटी पाझर फुटणारा रिक सूत्राला धरून असेल, पण तो अस्सल नसेल. गुणांची यादी हे पहिल्या प्रतीचे सोंग असेल, तर सूत्र हे दुसऱ्या प्रतीचे सोंग आहे.

शब्दांच्या पातळीवर याचा अर्थ काय होतो, हे पाहण्यासाठी एक कल्पित प्रसंग घेऊ. दुसऱ्या लेखकाने निर्माण केलेला एक वृद्ध प्राध्यापक रिककडे आपल्या मुलीसाठी मदत मागतो. उत्तराचा पहिला नमुना असा : 'रिकने सिगारेट पेटवली. त्याच्या डोळ्यांत पॅरिसची आठवण तरळून गेली. आपले काळीज दगडाचे झाले आहे असे त्याला वाटले.' दुसरा असा : 'रिकने पटावरचे प्यादे उचलले आणि पुन्हा जागेवर ठेवले. "बार दोनला बंद होतो," तो म्हणाला.' पहिल्या नमुन्यात खूण आहे, पूर्ववृत्त आहे आणि भावनेचे नावही आहे. मम्मटाने रस, स्थायीभाव वा व्यभिचारीभाव यांचा स्वशब्दाने निर्देश हा रसदोष मानला. तो दोष येथे सरळ दिसतो. बोगार्टच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो तेव्हा अनुमान प्रेक्षक करतो. पहिल्या नमुन्यात ते लेखकाने उरकून टाकले आहे, त्यामुळे प्राध्यापकाला बोलण्याजोगे काही उरत नाही. दुसऱ्या नमुन्यात सिगारेट नाही, पॅरिसही नाही. एकट्याने बुद्धिबळ मांडून बसण्याची चित्रपटातली सवय तेवढी घेतली आहे. त्या वाक्यात हाकलणेही आहे आणि दोनपर्यंतचा अवधीही आहे. चित्रपटात मौन दिसते, लेखनात ते रचावे लागते. आणि रिकचे मौन दोन्ही शक्यता जिवंत ठेवणारे असते.

५

अस्सलपणाची खरी कसोटी मात्र रिक्त जागांपाशी लागते. रिक अमेरिकेत परत का जाऊ शकत नाही, हे चित्रपट सांगत नाही. रेनो तीन तर्क करतो. चर्चच्या निधीचा अपहार, सेनेटरच्या बायकोबरोबर पलायन किंवा खून. रिक तिन्ही एकदम मान्य करून प्रश्नच मोडीत काढतो. हे मौन चित्रपटाने कमावलेले आहे. मरे बर्नेट आणि जोन ॲलिसन यांच्या ज्या अप्रयोगित नाटकावरून चित्रपट तयार झाला, त्यात रिक वकील होता. पटकथाकार एपस्टाइन बंधू आणि हॉवर्ड कॉख यांच्या हातून तो व्यवसाय गळाला. उलट १९९८ साली मायकेल वॉल्श यांनी कादंबरीतून रिकला न्यूयॉर्कच्या गुन्हेगारी जगातला सविस्तर भूतकाळ दिला. चित्रपटाच्या आधी ही जागा भरलेली होती आणि नंतरही ती भरली गेली. चित्रपटातला रिक या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा आहे. रोल-प्लेचा लेखक खाजगी टिपणात आपला तर्क अवश्य बाळगो. परंतु रिकने तो कोणाजवळ उघड केला, तर माहिती वाढते आणि पात्र कमी होते.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. रिकने इल्साला नवऱ्याबरोबर पाठवले ते त्याच्या स्वभावामुळे नव्हे, तर त्या काळच्या हॉलिवूडच्या नीतिसंहितेमुळे. विवाहितेने पतीला सोडून प्रियकराबरोबर जावे, हा शेवट त्या संहितेत बसणारा नव्हता. मग पात्राची 'भूमिका' शोधणे म्हणजे उद्योगाच्या नियमांना स्वभावाचे नाव देणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यात कारण आणि हेतू यांची गल्लत झाली आहे. शेवट तसा का झाला याची कारणे निर्मितीच्या इतिहासात आहेत. तो शेवट पटतो कशामुळे, याचे उत्तर ॲनिनाच्या प्रसंगात, 'मार्सेयेज' वाजवण्यासाठी वाद्यवृंदाला केलेल्या मानेच्या खुणेत आणि कॅफे विकताना सॅमच्या वाट्याची केलेल्या तजविजीत आहे. सक्तीने लादलेल्या कृतीलाही आतून हेतू मिळवून देणे हेच पात्रनिर्मितीचे काम होय, आणि रोल-प्लेच्या लेखकाला वारसा मिळतो तो या हेतूंचा.

६

येथपर्यंतचे विवेचन कादंबरीकारालाही लागू पडेल. रोल-प्लेचे वेगळेपण सहलेखकात आहे. दुसऱ्याच्या पात्राची कृती वा प्रतिक्रिया आपण ठरवू नये, हा या व्यवहारातला सर्वमान्य दंडक आहे. तो शिष्टाचाराचा भाग समजला जातो, परंतु त्याला कलात्मक आधार आहे. इल्सा काय म्हणेल हे रिकला ठाऊक नसते. कादंबरीकाराला हे अज्ञान रचावे लागते. येथे ते वास्तव असते. आधी ठरवता न येणारा निर्णय हे जर रिकचे मर्म असेल, तर समोरच्या स्वतंत्र माणसाच्या उत्तरावर अवलंबून असलेले लेखन त्या मर्माला विशेष अनुकूल ठरते.

'प्ले इट अगेन, सॅम'चा नायक चित्रपटसमीक्षक आहे, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय वाटते. चित्रपटभर तो बोगार्टच्या कल्पित छायेकडून खुणा शिकतो आणि प्रत्येक वेळी फसतो. अखेरीस विमानतळावर तो रिकचेच भाषण उच्चारतो आणि ते या वेळी शोभते, कारण मित्राची पत्नी त्याच्या घरी परत पाठवण्याचा निर्णय त्याला स्वतःला घ्यायचा असतो. शब्द उसने आहेत, भूमिका उसनी नाही. त्यानंतर बोगार्टच्या छायेची गरज संपते.

सारांश, चित्रपटातील पात्र अस्सलपणे लिहिणे म्हणजे त्याच्याशी साम्य राखणे नव्हे. ज्या प्रकारच्या प्रश्नासमोर चित्रपटाने त्याला उभे केले, त्याच प्रकारच्या नव्या प्रश्नासमोर त्याला उभे करणे आणि उत्तर आधी ठरवून न ठेवणे, हे ते काम आहे. या अर्थाने ते अनुकरण नसून अनुव्यवसाय आहे. नाइट्स यांचा आक्षेप अशा लेखनाला सर्वस्वी लागू होत नाही. संहितेबाहेरचा प्रश्न संहितेतील एखादा प्रसंग नव्याने वाचायला लावीत असेल, तर तो समीक्षेचाच प्रश्न आहे. प्राध्यापकाच्या कल्पित प्रसंगाने उगार्तेच्या अटकेकडे परत पाहायला लावले. स्वभावचित्रणाचा प्रश्न पदव्युत्तर वर्गात ठेवायचाच असेल, तर विशेषणे मागण्याऐवजी संहितेत नसलेला एक प्रसंग लिहावयास सांगून त्याचे समर्थन संहितेतून करावयास लावणे अधिक फलदायी ठरेल. त्या समर्थनात विद्यार्थ्याचे मूळ कृतीचे वाचन तपासता येईल.